एकाच लेन्सवर निघायचं तर

सकाळी सव्वादहा

शटर वर गेलं की माझी पहिली नजर ड्राय कॅबिनेटवरच्या आकड्यावर जाते. आज ४३ टक्के आहे, म्हणजे आतली हवा ठीक आहे. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा असला तरी दमटपणा मुंबईची पाठ सोडत नाही, आणि लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. म्हणून रात्री सगळा माल आत आणि सकाळी लागेल तेवढाच बाहेर, हा बोरा बाजारातल्या आमच्या दुकानाचा शिरस्ता आहे.

दिवाळी तोंडावर आली आहे. या दिवसांत काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी मागणी ठरलेली असते: “एकच लेन्स द्या. वाइडही मिळालं पाहिजे, झूमही झालं पाहिजे आणि हात हलला तरी फोटो हलता कामा नये.” हातात घेऊन बघता याव्यात म्हणून अशा लेन्स मी डाव्या बाजूला मांडून ठेवतो. निकॉनची १८-१४०, कॅननची १८-१३५, सोनीची १८-१३५, टॅमरॉनच्या १८-३०० आणि १८-४००. प्रत्येकीला ब्लोअर मारायचा, पुढची काच मऊ कापडाने पुसायची, मग झूम पूर्ण आत घेऊन लेन्सचं तोंड जमिनीकडे करायचं. वापरून सैल झालेली झूम अशा वेळी आपल्याच वजनाने घसरते. कॅमेरा गळ्यात अडकवून गड चढणाऱ्याला त्याचा फार ताप होतो. म्हणून अशा लेन्सवर लॉकचं बटण लागतं. निकॉनच्या पहिल्या १८-२०० वर ते नव्हतं, २००९ मध्ये सुधारित लेन्स आली तेव्हा मिळालं.

दुकानात एक नवा मुलगा लागला आहे. हुशार आहे, सगळ्या कंपन्यांचे आकडे त्याला पाठ आहेत. त्याला सांगितलंय, आज फक्त ऐक. गिऱ्हाइकाला बजेट नंतर विचारायचं. आधी म्हणायचं, “आतापर्यंत काढलेले फोटो दाखवा.”

सकाळी अकरा

ठाण्याहून एक काका-काकू आले. काका चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. दिवाळीनंतर हंपी, बदामी, पट्टदकल असा बेत आहे. जवळ निकॉन डी५६०० आणि तिच्यासोबत मिळालेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ७०-३००. काकूंनी आल्या आल्या सांगून टाकलं, “दुसरी लेन्स नेहमी माझ्याच पर्समध्ये येते आणि तिथेच राहते. आता एकच काय ती द्या.”

काकांनी कार्ड आणलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो उघडून माहिती बघत गेलो. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला ते तिथे लिहिलेलं असतं. निम्म्याहून जास्त फोटो थेट १८ वर होते: देवळांचे मंडप, वाड्यांचे चौक, नातवंडांचे घोळके. बरेचसे ५५ वर अडकलेले, म्हणजे आणखी जवळ जायचं होतं पण लेन्स संपली. ३०० वरचे अगदी थोडे, आणि तेही बहुतेक चंद्राचे.

काकांची बोटं मात्र १८-४०० कडे वळत होती. ती मी त्यांच्या हातात दिली आणि वजनाचा हिशेब मांडला. त्यांच्या दोन लेन्स मिळून ६२० ग्रॅम, एकटी १८-४०० सातशे ग्रॅमच्या वर. एक लेन्स म्हटली की ओझं कमीच, असं सगळेच धरून चालतात. तराजू तसं म्हणत नाही. १८-१४० चं वजन ४९० ग्रॅम. ५५ वर जे फोटो अडकले होते ते ही लेन्स सोडवते आणि पर्सही मोकळी करते. विरूपाक्षाचं गोपुर १८ वर मावेल, बदामीच्या लेण्यांत छताजवळची शिल्पं १४० वर जवळ येतील.

काकांनी पिशवीतून आणखी एक लेन्स काढली, मेव्हण्याची जुनी २८-२००, फिल्मच्या काळातली. “ही नाही का चालणार?” लागेल, पण फोकस हाताने करावा लागेल. त्या लेन्समध्ये मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही नाही. शिवाय या बॉडीचा सेन्सर लहान असल्यामुळे २८ चा कोन फिल्मवरच्या ४२ एवढाच उरतो. मंडपात उभं राहून समोरचे दोनच खांब दिसणार.

१८-१४० लावून गल्लीत थोडे फोटो काढा, घरी जाऊन मोठ्या पडद्यावर बघा आणि मग उद्या या, असं सांगून त्यांना पाठवलं. नवा मुलगा बघतच राहिला. हातात आलेलं गिऱ्हाईक मी परत का पाठवतो, हे त्याला अजून उमगायचंय.

दुपारी साडेबारा

हा तरुण, पक्का ठरवून आलेला. कॅनन ९०डी आहे, डिसेंबरात ताडोबा. “१८-४०० द्या. एकाच लेन्समध्ये वाघ पण होईल आणि फॅमिली पण.”

अशा वेळी बोलण्यापेक्षा दाखवणं बरं. त्याच्याच बॉडीवर लेन्स चढवली, ४०० वर नेली आणि दारात उभं राहून समोरच्या स्टेशनरीवाल्याच्या पाटीवर धरली. स्टॅबिलायझेशन बंद, शटर १/३०. पाटीवरची अक्षरं दुहेरी आली, फोन नंबर वाचता येईना. मग बटण चालू केलं. शटर अर्धं दाबलं की आत बारीक घरघर होते आणि व्ह्यूफाइंडरमधलं थरथरणारं चित्र जागच्या जागी थांबतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा इथे हमखास खुलतो. तेच शटर, तोच हात, आणि फोन नंबर स्वच्छ. आतले गायरो सेन्सर हाताचा हेलकावा मोजतात आणि काचांचा एक छोटा गट उलट दिशेने सरकवून तो खोडून काढतात. कॅनन याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी. पाट्या वेगळ्या, काम तेच.

तेवढ्यात गल्लीतून हातगाडी आली. मी म्हटलं, “आता तसाच, त्या हमालाचा काढा.” फोटोत मागची भिंत वीट न् वीट दिसत होती आणि हमालाच्या जागी नुसता फराटा. स्टॅबिलायझर आपला हात धरतो, समोरच्याचा पाय धरत नाही. चालतं माणूस थांबवायचं तर शटर वाढवावं लागतं. पुढची हातगाडी १/५०० वर टिपली. माणूस धारदार आला, पण आयएसओ ४०० वरून ६४०० वर गेला. भर दुपारी, कारण आमच्या गल्लीत सावली आहे आणि ४०० च्या टोकाला या लेन्सचं तोंड एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही. एफ/२.८ च्या लेन्समधून याच्या पाचपट प्रकाश येतो. आता पहाटेच्या सफारीला, धुक्यात, बांबूच्या सावलीत वाघ चालत येतोय असं धरा.

त्याला माझा सल्ला असा: ताडोबासाठी १५०-६०० भाड्याने घ्या. ती दोन किलोच्या आसपास आहे, रोज वापरायची नाहीच. घरच्या माणसांसाठी आणि बाकीच्या सगळ्या फिरण्यासाठी १८-१३५ घ्या. दोन्ही कामं एकाच लेन्सवर टाकली तर वाघाचं काम अर्धवट राहील आणि घरच्यांचं काम जड होईल. थोडा हिरमुसला, पण १८-१३५ चं बिल करूनच गेला.

दुपारी दोन

डबा. शेठही आमच्याबरोबरच जेवतात. ते याच गल्लीत लहानाचे मोठे झाले. सगळं एकाच लेन्समध्ये हवं, हे वेड जुनं आहे, असं ते नव्या मुलाला सांगत होते. १९९२ मध्ये टॅमरॉनने २८-२०० आणली, तेव्हा एवढा पल्ला एवढ्या आटोपशीर लेन्समध्ये बसतो यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. पण त्या लेन्सला स्टॅबिलायझर नव्हता. २०० वर एफ/५.६ आणि कॅमेऱ्यात शंभर-दोनशे एएसएचं रीळ, मग सावलीत शटर १/२५० ठेवायचं कुठून? रीळ धुऊन आल्यावर लांबचे फोटो हललेले निघायचे आणि लोक रागवायचे लॅबवर.

कॅननने १९९५ मध्ये ७५-३०० मध्ये स्टॅबिलायझर बसवला. एसएलआरच्या बदलता येणाऱ्या लेन्समध्ये ही सोय तेव्हा पहिल्यांदा आली. मग २००५ च्या अखेरीस निकॉनने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या: १८-२००, आणि वर व्हीआर. चार स्टॉपचा दावा होता. म्हणजे २०० च्या टोकाला जिथे १/३२० लागायचं तिथे १/२० वरही हात चालावा. त्या लेन्ससाठी नावं लिहून घ्यावी लागायची, शेठ सांगतात. “लांबचा आकडा पूर्वीही होताच रे. तो हातात धरून वापरता यायला लागला, ही खरी गंमत.”

दुपारी तीन

कुरिअर आलं. चिपळूणच्या एका गिऱ्हाइकाची प्रवासी झूम. टॉर्च मागून लावून पुढून बघितलं. आतल्या तिसऱ्या-चौथ्या काचेवर कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी.

नव्या मुलाला टॉर्च देऊन बघायला लावलं. झूम पुढे-मागे केली की नळीतली जागा कमीजास्त होते आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते. कोकणातल्या श्रावणात ती हवा ओलीच असणार. त्यात या लेन्समध्ये काचा फार. साध्या ५० मिलिमीटर एफ/१.८ मध्ये सहा काचा असतात. निकॉनच्या १८-२०० मध्ये सोळा, टॅमरॉनच्या १८-३०० मध्ये एकोणीस. सगळ्या उघडून, पुसून, परत जागच्या जागी नेमक्या बसवायच्या म्हणजे खर्च आलाच. कडेला एखादा धागा असेल तर फोटोत फरक पडत नाही, पण मधोमध पसरली की उन्हाकडे धरल्यावर सगळं चित्र पांढुरकं दिसतं.

फोन करून त्यांना अंदाज दिला आणि पुढची काळजी सांगितली. कातडी केस नको, तो ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाचा डबा घ्या, सिलिका जेलच्या पुड्या टाका, पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेन्स वापरत राहा. बुरशीला अंधार आणि निजलेली लेन्स आवडते.

दुपारी साडेचार

एक ताई आल्या. सहल कंपनीत टूर मॅनेजर आहेत, तीस-पस्तीस माणसांचा गट घेऊन युरोपात जातात. सोनीचा ए६४०० आहे. सहकाऱ्याने सांगितलेली लेन्स चिठ्ठीवर लिहून आणली होती: टॅमरॉन २८-२००, एफ/२.८-५.६.

लेन्स उत्तम आहे, ५७५ ग्रॅममध्ये एवढा उजेड देणारी दुसरी सहज सापडणार नाही. पण ती फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी आहे आणि तिच्यात स्टॅबिलायझर नाही. सोनीच्या ए७ मालिकेतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो बॉडीतच असतो, म्हणून त्या सहकाऱ्याचं छान चालत असणार. ए६४०० च्या बॉडीत तो नाही. म्हणजे हात धरायला ना लेन्स, ना बॉडी. आणि २८ चे इथे ४२ होणार.

ताईंना विचारलं, फोटो कसले काढता? बसच्या दारात उभा केलेला अख्खा गट. चर्चमधलं छत. जुन्या गावातली अरुंद गल्ली. आल्प्सची शिखरं. आणि हे सगळं एका हातात झेंडा असताना. मी म्हटलं, मग वाइडचं टोक आधी ठरवू. लोक २०० घेऊ की ३०० यात अडकतात, पण खरी अडचण जवळच्या टोकाला होते. लांबचं थोडं कमी पडलं तर फोटो कापून मोठा करता येतो. वाइड कमी पडलं तर मागे भिंत असते. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर म्हणजे ८४ अंशांचा कोन, २८ म्हणजे ७५. चार मिलिमीटरच्या या फरकात गटातली दोन्ही टोकांची माणसं येतात किंवा राहतात. म्हणून फुल फ्रेमवाल्यांना मी निकॉनची २४-२०० किंवा कॅननची २४-२४० आधी दाखवतो, आणि निकॉनची २८-४०० ज्याला पक्ष्यांचा नाद आहे त्यालाच.

ताईंसाठी दोन पर्याय उरले. टॅमरॉनची १८-३००, ६२० ग्रॅम. सोनीची १८-१३५, ३२५ ग्रॅम. दोन्हींत स्टॅबिलायझर. दोन्ही लावून बघा, एका हाताने धरा, झेंड्याच्या जागी आमची छत्री घ्या. १८-३०० लावल्यावर कॅमेरा पुढे झुकत होता आणि मनगट ताणलं जात होतं. १८-१३५ एका हातात बसली. शिखरं थोडी लहान येतील, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. मी एक गोष्ट आपणहून सांगितली: १८ वर दाराची चौकट किंचित फुगलेली दिसते, सरळ रेषा वाकतात. या कॅमेऱ्यात लेन्सची दुरुस्ती चालू ठेवलीत तर जेपेगमध्ये ते आपोआप सुधारतं. ते बटण मेनूत कुठे आहे ते दाखवून चालू करून दिलं.

संध्याकाळी साडेसहा

ऑफिसं सुटली की दुकानात उभं राहायला जागा नसते. कोणाला कॅप, कोणाला ६७ चा फिल्टर, कोणाला बॅटरी. या गर्दीत सांगलीचा एक मुलगा कोपऱ्यात थांबला होता. पत्रकारितेचा विद्यार्थी. पुढच्या आषाढात आळंदी ते पंढरपूर पूर्ण वारी चालत टिपायची आहे. बजेट सेकंडहँडचं. हातात आमच्याच कपाटातली वापरलेली कॅनन १८-२००.

त्याची निवड मला पटली. वारीत पाऊस, चिखल, खांद्याला खांदा. तिथे लेन्स काढून दुसरी लावायची म्हणजे सेन्सरवर पाणी आणि धूळ घ्यायची. पालखीचा मुक्काम १८ वर, वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का २०० वर, मधे कुठे थांबायचं कारण नाही. दिवसाचा उजेड असतो, रिंगणाच्या अश्वासाठी १/१००० मिळतं.

पण सेकंडहँड लेन्स तपासल्याशिवाय द्यायची नाही. भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलेलं आहे ते याच कामासाठी. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, पान बरोबर समोर. १८, ५० आणि २०० वर फोटो काढायचे आणि चारही कोपऱ्यांतली बातमी वाचायची. कोपरे मधल्यापेक्षा मऊ असणारच, एवढ्या पल्ल्याच्या लेन्सकडून तेवढं धरूनच चालावं. पण डावीकडची बातमी वाचता येते आणि उजवीकडची नाही असं झालं, तर आतली काच तिरकी बसली आहे, बहुधा लेन्स पडलेली आहे. मग टॉर्च, मग घसरण्याची परीक्षा, मग आयएस चालू करून कान लावायचा: घरघर सलग हवी, टकटक नको. हे सगळं या वेळी नव्या मुलाने केलं, मी फक्त बघितलं. चारही कोपरे सारखे निघाले. आमच्या बिलासह आणि दुकानाच्या वॉरंटीसह लेन्स दिली, आणि बजावलं, ही पाणी अडवणारी नाही, रेनकव्हरशिवाय दिवेघाट चढायचा नाही.

रात्री आठ

लेन्स परत कॅबिनेटमध्ये. फोन बघायला आता वेळ मिळाला. गेल्या महिन्यात १८-३०० नेलेल्या एका गिऱ्हाइकाचा संभाजीनगरहून मेसेज होता. वेरूळचं कैलास मनासारखं आलं, पण अजिंठ्यात आतले फोटो हलले, उद्या पुन्हा जातोय, काय करू?

त्यांना सविस्तर लिहिलं. आत फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणजे हातावरच काम. लांब उभं राहून झूम करू नका. दोरीच्या अलीकडून जमेल तेवढं जवळ जा आणि २४ च्या आसपास राहा, तिथे लेन्स जास्त उजेड घेते. स्टॅबिलायझर चालू, शटर १/८, कोपरं छातीशी, तीन-चार फोटो सलग. भिंतीला किंवा खांबाला मात्र टेकू नका. भिंतीवरचा पद्मपाणी हलत नाही, त्यामुळे इथे स्टॅबिलायझर पुरेपूर कामाला येतो. पण त्या उजेडात तुमच्या मुलीचा चेहरा टिपायचा असेल तर ३५ मिलिमीटर एफ/१.८ घ्यावी लागेल. त्या टप्प्यावर तुमच्या झूमच्या कितीतरी पट प्रकाश ती आत घेते, आणि मुठीत मावते. प्रवासाची एक झूम आणि खिशात एक अशी छोटी लेन्स, ही जोडी मी मनापासून सुचवतो.

शटर ओढण्याआधी एक काम उरलं होतं. काउंटरवर प्रत्येक लेन्सपुढे एक कार्ड असतं आणि त्यावर ठळक अक्षरांत असतं: २२ पट झूम, १६ पट झूम. मी नव्या मुलाला कोरी कार्डं दिली आणि कसं लिहायचं ते सांगितलं. सगळ्यात वर, त्या माउंटच्या बॉडीवर वाइडचा खरा कोन किती पडतो. त्याखाली वजन. मग लांबच्या टोकाला एफ किती उरतो. मग स्टॅबिलायझर लेन्समध्ये आहे की नाही. झूम किती पट ते सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत. प्रवासाला निघालेल्या माणसाने ज्या क्रमाने विचार करायला हवा, त्याच क्रमाने त्याला माहिती दिसली पाहिजे. काका-काकू उद्या अकराला येणार आहेत, म्हणून त्याने पहिलं कार्ड १८-१४० चं लिहायला घेतलं.